पाणी, चारा आणि आग

सुनन अबू दाऊदमध्ये एक छोटी रिवायत आहे. एक मुहाजिर सहाबी (रजि.) सांगतात, की तीन मोहिमांत ते प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्यासोबत होते आणि मुसलमान तीन बाबतींत परस्परांचे भागीदार आहेत, हे त्यांनी प्रेषितांकडून स्वतः ऐकले. त्या तीन बाबी म्हणजे चारा, पाणी आणि आग. मदरशात आम्ही ही हदीस खरेदी-विक्रीच्या प्रकरणात शिकलो. विहीर, कुरण आणि शेकोटी यांच्याविषयीचा तो एक मसला होता आणि परीक्षेत विचारला जाण्याची शक्यता असल्याने तो पाठ करायचा होता.

वाचकहो, हीच हदीस चंद्रपुरात बसून वाचा. तिन्ही शब्द खिडकीबाहेर दिसू लागतात. चारा म्हणजे रान. ताडोब्यापासून वैनगंगा ओलांडून थेट इंद्रावतीच्या काठापर्यंत पसरलेले हे अरण्य चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांची ओळख आहे. पाणी म्हणजे आपली इरई. शहराची तहान आणि वीज केंद्राची तहान एकाच धरणातून भागवणारी नदी. आणि आग म्हणजे ऊर्जानगरची ती उंच धुराडी. महानिर्मितीच्या या औष्णिक केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॅट आहे. ते पूर्ण क्षमतेने चालले, तर एका दिवसात चाळीस हजार टनांहून अधिक कोळसा जळतो. त्यातून निर्माण झालेली वीज मुंबई-पुण्यापर्यंत जाते, राख मात्र येथेच राहते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक पट्ट्यांचे मोजमाप केले, तेव्हा चंद्रपूर अतिप्रदूषित क्षेत्रांत गणले गेले. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण इतके आटले, की केंद्रातील संच बंद ठेवण्याची वेळ आली. पाणी संपले तर आगही विझते, हे त्या वर्षी चंद्रपूरकरांनी पाहिले.

हवामान बदलाचे शास्त्र आपण शाळा-महाविद्यालयांत आणि वर्तमानपत्रांत वाचतो, म्हणून येथे त्याचा विस्तार करीत नाही. कोळसा जळाला की कर्बवायू हवेत जातो, तो दीर्घकाळ तेथेच राहतो आणि पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. ज्या शहरात मे महिन्यात पारा सत्तेचाळीस अंशांना टेकतो, त्या शहराला या वाक्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. सूरह अर-रूमच्या एकेचाळिसाव्या आयतीत जमिनीवर आणि समुद्रात माजलेल्या बिघाडाचा उल्लेख आहे आणि त्याचे कारण माणसांच्या हातांनी केलेली कमाई असे सांगितले आहे. लोकांनी माघारी फिरावे म्हणून त्यांच्या काही कृत्यांची चव त्यांना चाखवली जाते, असेही त्याच आयतीत आहे. ‘काही कृत्यांची’ हा शब्द लक्षात ठेवावा. सर्व कृत्यांचा हिशेब येथे मांडला गेला असता, तर आपण तो सोसू शकलो नसतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. विजेच्या बचतीविषयी मशिदीत किंवा घरात बोलू लागले, की एक उत्तर ठरलेले असते : आम्ही बिल भरतो ना! हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही, कारण त्याला फिक्हचा आधार आहे. फुकहांनी वरील हदीसचे विवरण करताना सांगितले आहे, की नदीतील पाणी सर्वांचे; परंतु कोणी ते घागरीत भरले, तर घागरीतील पाणी त्याच्या मालकीचे होते. कोणी उघड्या माळावर शेकोटी पेटवली, तर तिच्या उजेडात बसण्यापासून, ऊब घेण्यापासून किंवा तिच्यावर आपला दिवा लावून घेण्यापासून तो इतरांना रोखू शकत नाही. मात्र तिच्यातील निखारे आणि लाकडे त्याची आहेत, ती विचारल्याशिवाय घेता येत नाहीत. या न्यायाने तारेतून आलेली आणि पैसे मोजून घेतलेली वीज आपली मालमत्ता झाली, हे मान्य केले पाहिजे.

मग प्रश्न उरतो तो मालमत्तेच्या वापराचा. शरीअतने मालकाला आपल्या मालाची नासाडी करण्याची परवानगी दिलेली नाही. सूरह अल-आराफच्या एकतिसाव्या आयतीत खाण्यापिण्याची मुभा आणि अतिरेकाची मनाई एका दमात आली आहे. आणि तेथे चोरीच्या अन्नाचा विषय नाही, आपल्याच हलाल अन्नाचा आहे. सूरह अल-इसरामध्ये उधळ्या लोकांना शैतानांचे भाऊबंद म्हटले आहे. हे लोक स्वतःचाच पैसा उधळीत होते. तेव्हा ‘माझे आहे’ एवढे म्हटल्याने इस्राफचा दोष टळत नाही.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. बिलात कशाचे पैसे असतात? कोळशाचे, यंत्रांचे, तारांचे, कर्मचाऱ्यांच्या पगाराचे आणि करांचे. दुर्गापूरच्या एखाद्या घरातील लेकराच्या छातीत जी घरघर होते तिचे पैसे त्यात नसतात. राखेच्या बंधाऱ्याजवळच्या शेतकऱ्याचे पीक धुळीने माखते, त्याची भरपाई माझ्या मीटरमध्ये फिरत नाही. ती किंमत दुसरा कोणीतरी भरतो आणि त्याला कोणी विचारलेले नसते. कोणाला हानी पोहोचवू नये आणि हानीच्या बदल्यात हानी करू नये, हे प्रेषितांचे (सल्ल.) मार्गदर्शन इब्ने माजा आणि मुवत्तामध्ये आले आहे आणि फिक्हच्या पाच मोठ्या सूत्रांपैकी एक त्याच्यावर उभे आहे. गरजेपुरती वीज वापरताना होणारी हानी आपण सर्वजण मिळून सोसतो. समाज त्याशिवाय चालत नाही. परंतु रिकाम्या खोलीत फिरणाऱ्या पंख्यासाठी शेजाऱ्याने धूर का गिळावा? येथे बचतीचा प्रश्न हुकूकुल इबादमध्ये, म्हणजे माणसांच्या हक्कांमध्ये जाऊन पडतो. अल्लाहच्या हक्कातील उणीव त्याच्या दयेवर सोडता येते. माणसाचा हक्क मात्र त्या माणसाकडूनच माफ करून घ्यावा लागतो.

या विषयावर बोलत असताना एकदा नमाजनंतर एक तरुण माझ्याजवळ थांबला. तो खाणीत कंत्राटावर काम करतो. ‘‘मौलाना, मग माझी कमाई कशी?’’ असे त्याने हळू आवाजात विचारले. बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, राजुरा या पट्ट्यात कोळसा उपसणारे, ट्रक चालवणारे, ट्रकची इंजिने दुरुस्त करणारे आपले कितीतरी बांधव आहेत. अनेक घरांत हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारीत नसले तरी मनात असेल, म्हणून उत्तर येथेही नोंदवतो. त्याची कमाई हलाल आहे. लोकांना ज्या वस्तूची खरी गरज आहे ती वस्तू तो घाम गाळून पुरवतो. रुग्णालयातील यंत्र आणि विहिरीवरचा पंप त्याच्या कष्टावर चालतो. नासाडीचा गुन्हा नासाडी करणाराच्या खात्यावर लिहिला जातो. उलट मला वाटते, की ज्याने जमिनीखालून तो कोळसा वर आणला त्याचा मान राखण्याची पहिली रीत म्हणजे तो वाया न घालवणे. आणि खाणी कायमच्या पुरणार नाहीत, हे त्यालाही ठाऊक आहे. त्याची मुले सौर पॅनेलच्या जोडणीचे, वायरिंगचे, विजेच्या वाहनांच्या दुरुस्तीचे काम शिकली तर बरे, हेही मी त्याला सांगितले. चंद्रपूरचे वीज-शहर म्हणून असलेले नाव कोळशानंतरही टिकायचे असेल, तर ते याच मुलांच्या हातांनी टिकेल.

आता मशिदीकडे वळू. शहराची बचत कोठून सुरू करावी असे मला कोणी विचारले, तर मी महानगरपालिकेच्या आधी मशिदीचे नाव घेईन, कारण तेथील बटणे आपल्या हातात आहेत.

मशिदीतील दिव्यांविषयी आपल्या फुकहांनी केलेला विचार फार सूक्ष्म आहे आणि तो आज जवळजवळ विस्मरणात गेला आहे. सतराव्या शतकात हिंदुस्थानच्या उलमांच्या मंडळाने संकलित केलेल्या फतावा आलमगिरीत वक्फच्या प्रकरणात हा मसला आहे, की मशिदीच्या दिव्याच्या तेलासाठी वक्फ केले असेल, तर दिवा रात्रभर जळत ठेवणे जाइज नाही. नमाजी लोकांच्या गरजेपुरताच तो जळावा. नमाजसाठी गरज असेल तर रात्रीच्या तिसऱ्या भागापर्यंत किंवा निम्म्या रात्रीपर्यंत मुभा आहे. रात्रभर दिवा ठेवण्याची सूट आहे ती जेथे तशी रीतच आहे अशा ठिकाणी. आणि उदाहरणे दिली आहेत ती बैतुल मक्दिस, मस्जिदे नबवी आणि मस्जिदे हराम यांची. तेलाचे दिवस गेले, पण नियम तोच आहे. मशिदीचा पैसा मुतवल्लीच्या हाती अमानत आहे आणि इशानंतर रिकाम्या मशिदीत जळणारी ट्यूबलाइट त्या अमानतीतून जळते.

झोपण्यापूर्वी दिवे विझवण्याची जी हदीस बुखारी आणि मुस्लिममध्ये आहे, ती मात्र मी येथे पुरावा म्हणून आणणार नाही, जरी अलीकडे बचतीच्या भाषणांत ती सर्रास ऐकू येते. त्या हदीसमध्येच कारण दिले आहे : उंदीर वात ओढून नेतो आणि घर पेटवतो. तो आगीपासून सुरक्षिततेचा आदेश आहे. आपल्याला इतके भक्कम पुरावे उपलब्ध असताना एखाद्या हदीसला तिच्या कारणापासून तोडून वापरण्याची गरज नाही.

थोडे गणित करू. समजा एका मध्यम मशिदीत २० पंखे आहेत, जुन्या पद्धतीचे, प्रत्येकी ७५ वॅटचे. अजानच्या बऱ्याच आधी ते सुरू होतात आणि शेवटचा माणूस गेल्यानंतरही फिरत राहतात. दिवसाचे सहा तास सहज भरतात. म्हणजे रोज ९ युनिट. प्रत्यक्षात पाच जमाती, सुन्नती आणि थोडी तिलावत मिळून मशीद अडीच तासच भरलेली असते. बटण वेळेवर बंद केले, तर एकही रुपया खर्च न करता हा आकडा पावणेचार युनिटांवर येतो. त्यानंतर ३० वॅटचे बीएलडीसी पंखे बसवले, तर दीड युनिटावर. वर्षातील नऊ महिने पंखे लागतात असे धरले, तर ९ आणि दीडमधील फरक २,०२५ युनिटांचा होतो. एका युनिटासाठी आपल्या केंद्रांत साधारण ६५० ग्रॅम कोळसा जळतो, म्हणजे सव्वा टनाहून अधिक कोळसा वाचला. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण मोठे असते. तीस ते चाळीस टक्के. तेव्हा सुमारे चारशे किलो राखही वाचली. हा हिशेब एका मशिदीच्या केवळ पंख्यांचा आहे.

या गणितात सर्वांत मोठी घट बटणामुळे झाली आहे, हे पाहा. यंत्र बदलण्यासाठी चंदा लागतो. सवय बदलण्यासाठी मोअज्जनसाहेबांशी एक बैठक पुरते. पहिल्या दोन सफांवरचे पंखे एका बटणावर आणि मागचे दुसऱ्या बटणावर घेतले, तर फजरला दहा नमाजींसाठी वीस पंखे फिरणार नाहीत. वायरमनचे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. (आमच्याकडे यावरही दोन बैठका झाल्या, कारण मागच्या सफेत बसणारे काही बुजुर्ग नाराज होते. त्यांना पुढे बोलावल्यावर प्रश्न मिटला.)

ईद-ए-मिलाद किंवा रमजानच्या रोषणाईविषयी लोक मला हमखास विचारतात आणि माझ्याकडून कठोर उत्तराची अपेक्षा करतात. मी एवढेच म्हणेन, की एलईडी माळांच्या दोन-चार रात्रींपेक्षा वर्षभर रिकाम्या जागी फिरणाऱ्या पंख्यांचा हिशेब मोठा आहे आणि वादही कमी आहे. आधी तो करावा.

वुजूचा विषय वेगळा नाही. इब्ने माजामध्ये रिवायत आहे, की हजरत सअद (रजि.) वुजू करीत असताना प्रेषित (सल्ल.) तेथून गेले आणि पाण्याच्या अतिवापराबद्दल त्यांना टोकले. वुजूमध्येही इस्राफ असतो का, असे सअद यांनी विचारले, तेव्हा वाहत्या नदीच्या काठी बसला असलास तरीही, असे उत्तर मिळाले. या रिवायतीच्या सनदीवर मुहद्दिसांनी आक्षेप घेतला आहे, हे वाचकांनी जाणून असावे. परंतु बुखारी आणि मुस्लिमची जी सही हदीस आहे, ती तर याहून स्पष्ट आहे : प्रेषित (सल्ल.) एक मुद पाण्यात वुजू करीत आणि एक साअ ते पाच मुद पाण्यात गुस्ल. मुदच्या मापाविषयी मजहबांत मतभेद आहे; पण कोणतेही माप घ्या, एका लिटरच्या आतबाहेरच ते येते. आपल्या वुजूखान्यातील नळ पूर्ण उघडा ठेवून वुजू केला, तर किती लिटर जातात, हे एकदा नळाखाली बादली ठेवून पाहावे. मी पाहिले आहे. आकडा येथे लिहीत नाही. तुमचा तुम्हीच काढा, म्हणजे तो अधिक लागेल.

चंद्रपुरात नळाचे पाणी म्हणजेही वीज. धरणातून शुद्धीकरण केंद्रात, तेथून उंच टाकीत आणि टाकीतून आपल्या गच्चीवरच्या टाकीत ते पंपांनी चढते. कोणत्याही महानगरपालिकेच्या वीजबिलात पाणी उपसण्याचे पंप आणि रस्त्यांवरील दिवे हेच मोठे भाग असतात. गळणारा नळ इरईही रिकामी करतो आणि कोळसाही जाळतो.

उन्हाळ्याकडे येऊ, कारण बचतीची सारी भाषणे मे महिन्यात घामाने विरघळतात. उष्णता तीव्र झाली की जुहरची नमाज थोडी थंड वेळेपर्यंत लांबवावी, ही हदीस बुखारी-मुस्लिममध्ये आहे आणि हनफी मजहबात उन्हाळ्यात जुहर लांबवणे मुस्तहब आहे. इबादतीची वेळ हवामानाशी जुळवून घेण्याची ही शिकवण किती दयाळू आहे! आपल्याकडे मे महिन्यात सूर्य बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास ढळतो आणि बऱ्याच मशिदींत जमात दीडला होते. आता प्रामाणिकपणे सांगायचे, तर अडीच-तीनला जमात केल्याने चंद्रपूरचा पारा उतरत नाही. तो त्याच सुमारास सर्वांत वर असतो. परंतु हजरत अबू जर (रजि.) यांच्या रिवायतीत प्रवासातील ज्या जुहरचे वर्णन आहे, ती टेकाडांच्या सावल्या दिसू लागेपर्यंत लांबवली होती. गल्लीला भिंतीची सावली मिळाली, की म्हाताऱ्या माणसाला मशिदीपर्यंत येणे सुसह्य होते. जमातीची वेळ ठरवताना कमिटीने घड्याळाबरोबर गल्लीतील सावलीही पाहावी, इतकेच माझे म्हणणे आहे.

मशिदीत एसी लावावा का? विदर्भाचा उन्हाळा कोरडा आहे आणि कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो. खोलीचा साधा कूलर दोनशे वॅटच्या आसपास वीज घेतो, दीड टनांचा एसी त्याच्या सहा-सात पट. वाळ्याच्या ताट्यांची थंड हवा आपल्या वाडवडिलांनी कोणत्याही शास्त्रज्ञाला न विचारता शोधली होती. पावसाळ्याच्या तोंडाशी दमट हवेत कूलर निकामी होतो, हे खरे. ते पंधरा-वीस दिवस कठीण जातात. रुग्ण, गरोदर भगिनी किंवा अत्यंत वृद्ध माणूस घरात असेल, तर एसीला इस्राफ म्हणणे हा अन्याय ठरेल. गरजेची व्याख्या माणसागणिक बदलते. तरीही तो चोवीस-सव्वीस अंशांवर ठेवावा. अठरावर ठेवून वर रजई घेणे ही कोणती गरज?

त्याआधी छताकडे पाहावे. अहमदाबाद शहराने २०१० च्या भीषण उष्णतेच्या लाटेनंतर धडा घेतला आणि २०१३ मध्ये देशातील पहिला शहरी उष्णता कृती आराखडा केला. पुढे त्यात गरीब वस्त्यांतील छते पांढरी करण्याची मोहीमही आली. पांढरे छत ऊन परतवते आणि खालच्या खोलीचे तापमान दोन ते पाच अंशांनी उतरू शकते. चुन्याचे दोन हात, मार्च संपण्यापूर्वी. आपल्या मोहल्ल्यांतील कितीतरी घरांवर स्लॅबही नाही, पत्रे आहेत; दुपारी त्या खोलीत पाळण्यातले बाळ असते आणि शिलाई मशीनवर बसलेली त्याची आई असते. ज्यांना एसी परवडतो त्यांच्यासाठी हा लेख वाचण्याजोगा असेल. या आईला मात्र मोहल्ल्यातील चार तरुणांनी चुन्याची बादली घेऊन पत्र्यावर चढण्याचीच गरज आहे.

शहर म्हणून काय करावे, हा प्रश्न येथे येतो. महाराष्ट्र शासनाने २ ऑक्टोबर २०२० रोजी माझी वसुंधरा अभियान सुरू केले, त्यात शहरे आणि ग्रामपंचायती यांना पंचतत्त्वांच्या कामावर गुण दिले जातात. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातही चंद्रपूरचा समावेश आहे. म्हणजे कागद आहे, निधीची वाटही आहे. उणीव असते ती त्या कागदाखाली बसून विचार करणाऱ्या माणसांची. यासाठी उदाहरण आपल्याच शेजारच्या जिल्ह्यात, गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात आहे.

मेंढा-लेखा हे गोंड बांधवांचे छोटे गाव. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबू विक्रीच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. हक्क मिळाल्याच्या बातमीपेक्षा त्याआधीची गोष्ट मला शिकण्यासारखी वाटते. त्या गावात अभ्यासगट बसत. कायदा काय म्हणतो, जंगल किती देते, किती घेतले तर ते पुन्हा उगवते, यावर निर्णयाची घाई न करता चर्चा होई. आणि ग्रामसभेत निर्णय होत तो बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. सूरह अश-शूराच्या अडतिसाव्या आयतीत ईमानधारकांचे व्यवहार परस्पर सल्ल्याने चालतात असे वर्णन आहे. आपण ती आयत जलशांत ऐकवतो. त्या गावाने, आपल्या मार्गाने, सल्लामसलतीचे शिस्तबद्ध रूप उभे करून दाखवले.

आणि हजरत उमर (रजि.) यांच्या राखीव कुरणाची हकीकत बुखारीत आहे, ती तर वनहक्कावरच्या धड्यासारखी वाटते. त्यांनी हुनैय नावाच्या माणसाला कुरणावर नेमले आणि बजावले, की थोडी उंटे, थोड्या शेळ्या असलेल्यांना आत येऊ दे. इब्ने औफ आणि इब्ने अफ्फान यांच्या जनावरांना मात्र दूर ठेव. ते दोघे थोर सहाबी होते, पण श्रीमंतही होते. त्यांची जनावरे मेली, तर त्यांच्याकडे खजुरीच्या बागा आणि शेते आहेत. गरिबाची मेली, तर तो मुलांना घेऊन माझ्या दारात येईल, आणि सोन्याचांदीपेक्षा पाणी आणि गवत देणे मला सोपे आहे, असे कारण उमर यांनी दिले. सामायिक वस्तूवर पहिला हक्क कोणाचा, याचे याहून स्पष्ट उत्तर मला ठाऊक नाही.

तेव्हा वॉर्डात पाच-सात माणसांचा अभ्यासगट बसवता येईल. त्यात एक वायरमन हवा, एक शिक्षिका हवी, एखादा वीज केंद्रातील निवृत्त कर्मचारी हवा. मशिदीचा माणूस असावा आणि शेजारच्या मंदिराचा, विहाराचाही असावा, कारण धूर सर्वांच्या खिडक्यांतून येतो. दिवसा कोणते रस्त्यावरचे दिवे जळत राहतात, कोणती जलवाहिनी गळते, कोणत्या शाळेचे छत पांढरे करता येईल, याची यादी करून ती लेखी स्वरूपात महानगरपालिकेकडे आणि नगरसेवकांकडे द्यावी व उत्तराचा पाठपुरावा करावा. निवेदन देऊन फोटो काढणे आपल्याला जमते. दुसऱ्या महिन्यात पुन्हा जाणे जमत नाही.

सौर ऊर्जेविषयी उत्साह वाढला आहे, तो चांगला आहे. जकार्ताच्या इस्तिकलाल मशिदीने छतावर पाचशेहून अधिक पॅनेल बसवले आणि २०२२ मध्ये तिला हरित इमारतीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. मोरोक्कोने आपल्या शेकडो मशिदींत दिवे आणि सौर यंत्रणा बदलण्याचा कार्यक्रम सरकारी पातळीवर घेतला. आपल्या राज्यात शिर्डी संस्थानच्या प्रसादालयात २००९ पासून सौर वाफेवर हजारो लोकांचे अन्न शिजते. चांगले काम कोठेही दिसले तरी घ्यावे. घरांसाठी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटपर्यंत ७८,००० रुपये अनुदान आहे. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळे छत लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. मात्र ही योजना निवासी घरांची आहे. मशिदीसाठी तिचे अनुदान गृहीत धरून अंदाजपत्रक करू नये. आणि क्रम चुकवू नये. आधी बटण, मग पंखा, मग पॅनेल. रोजचे ९ युनिट दीडवर आले, तर पॅनेलही तितकेच लहान लागते. सौर वीज दिवसा मिळते, मगरिब-इशाच्या वेळी नाही. संध्याकाळचा भार कोळशाच्या संचांवरच येतो. म्हणून संध्याकाळच्या बचतीला अधिक मोल आहे.

एक आग अजून राहिली, चुलीची. दोन्ही जिल्ह्यांतील जंगलालगतच्या गावांत सरपण आणि मोहफुले वेचायला गेलेल्या माणसांवर वाघाचे हल्ले होतात, हे वाचकांना सांगायला नको. गॅसची जोडणी घरात आहे, पण सिलिंडर पुन्हा भरायला पैसे नाहीत, म्हणून पुन्हा चूल आणि पुन्हा रान. असे कुटुंब जकातीला पात्र असेल, तर सिलिंडरची रक्कम जकात म्हणून देता येते. अट एवढीच, की रक्कम किंवा भरलेले सिलिंडर त्यांच्या मालकीचे करून द्यावे. तमलीकशिवाय जकात अदा होत नाही. पात्र नसलेल्या किंवा गैरमुस्लिम शेजाऱ्याला नफली सदका द्यावा, त्याला कोणतीच अडचण नाही.

ट्रस्टी मंडळींचा एक प्रश्न वारंवार येतो, त्याचे उत्तर देऊन थांबतो. मशिदीच्या वीजबिलात बचत झाली, तर ती रक्कम मोहल्ल्यातील गरिबांच्या छतांना चुना लावण्यासाठी वापरता येईल का? नाही. मशिदीच्या खर्चासाठी लोकांनी दिलेला पैसा मशिदीच्याच कामात जावा. चटई, दुरुस्ती, वुजूखान्याचे नळ, पुढच्या वर्षीचे पंखे. छतांसाठी स्वतंत्र चंदा करावा, उद्देश आधी जाहीर करावा आणि त्याची पेटी वेगळी ठेवून तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘छतांसाठी’ असे लिहावे. छतावरच्या सौर यंत्रणेतून उरलेली वीज नेट मीटरवर जमा होत असेल, तर तीही मशिदीच्याच खात्यात धरावी. त्याचे तपशील प्रत्येक ठिकाणच्या कराराप्रमाणे बदलतात, म्हणून करारावर सही करण्यापूर्वी तो कागद आपल्या मुफ्तीसाहेबांना दाखवून घ्यावा.